डाव्याची दुप्पट

काटेवाल्यानं आयुष्यात कधी धावून बस पकडली नाही. बस डोळ्यांदेखत सुटत असली तरी हा आपला चालत यायचा, आणि ती गेली की थांब्यावर शांत उभा राहायचा. एकदा तर बायको आत चढून बसली होती, खिडकीतून हात करून बोलावत होती, आणि हा खालीच राहिला. ती बिचारी पुढच्या थांब्यावर उतरून त्याची वाट बघत बसली. आल्यावर काय म्हणाला? "दम आत्ताच घालवला तर कसं व्हायचं? पुढं लागेल."

हे "पुढं लागेल" त्याच्या तोंडात कायमचं बसलं होतं. मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, हे एखाद्या गावाचं नाव असावं. रस्ता विचारला की माणसं सांगतात ना, सरळ जा, पुढं लागेल, तसंच काहीतरी. बाबा घरातलं जे जे चांगलं ते त्या गावासाठी ठेवतो आणि एक दिवस आपण सगळे तिथं राहायला जाणार, असं तिनं पाहुण्यांसमोर सांगून टाकलं. त्या दिवशी काटेवालासुद्धा पोट धरून हसला होता.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान. एक लांब टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, भिंतीला टेकवून ठेवलेले काट्यांचे पोलादी प्लॅटफॉर्म, आणि कुलूपबंद पेटीत मखमलीवर मांडलेली पितळी प्रमाण वजनं. त्या वजनांना तो उघड्या हातानं शिवत नसे. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, म्हणायचा. सोनाराचा नाजूक काटा असो की गोदामातला पोतं मोजायचा, त्याच्या हाताखालून खोटा काटा बाहेर पडायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तो आधी मधोमध वजन ठेवून आकडा बघायचा, मग तेच वजन एकेका कोपऱ्यावर सरकवून पुन्हा बघायचा.

"मधे बरोबर दाखवतोय की!" गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"मधे सगळेच बरोबर दाखवतात," हा म्हणायचा. "एखादा कोपरा मेलेला असतो, आणि बाकीचे तीन जास्त दाखवून त्याला झाकून घेतात. कोपरे बघितल्याशिवाय मी काटा देत नाही."

असा हा नाकासमोर चालणारा माणूस चाळिशीत सायकलवर बसला. दुकानात बसून पोट सुटलं होतं, एवढंच कारण. पण बसला तो उतरेचना. दर रविवारी लांब जायचं, वर्षातून एकदा सायकलवाल्यांच्या संस्थेची दोनशे किलोमीटरची राइड करायची. सायकल म्हटलं की एका पायावर तयार, असं बायको सगळ्यांना सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे तिचं तिला ठाऊक.

त्याच्याबरोबर असायचा रॉकेट. रॉकेटचं औषधांचं दुकान होतं, बोलणं मोठ्यानं आणि सायकल त्याहून जोरात. राइड सुरू झाली की हा सुसाट सुटायचा आणि दुपार व्हायच्या आत विझायचा, म्हणून रॉकेट. काटेवाला नेमका उलट. त्यानं सायकलला पॉवर मीटर बसवून घेतलं होतं. पॅडलच्या दांडीला चिकटवलेली काड्यापेटीहून लहान डबी ती. पाय किती जोरानं दाबतोय ते मोजते आणि हँडलवरच्या पडद्यावर वॅटमध्ये आकडा दाखवते. काटेवाल्याला ती बघताक्षणीच आवडली. माणसाच्या जोराचा वजनकाटाच तो!

दोन्ही पायांचं मीटर फार महाग, म्हणून त्यानं एकाचंच घेतलं. ते डाव्या पायाचा जोर मोजायचं, त्याची दुप्पट करायचं आणि तो आकडा दाखवायचं. रॉकेटला हे कळलं तेव्हा त्यानं भर चहाच्या टपरीवर टाळी दिली. "दुसऱ्यांचे काटे तपासतोस आणि स्वतःच्या काट्याला एकच पारडं होय रे?"

"माणसाचे दोन पाय सारखेच असतात," काटेवाला म्हणाला. "एकाचं कळलं की दुसऱ्याचं कळतं."

त्याचा आकडा होता एकशे साठ. निम्मं अंतर होईपर्यंत त्याच्या वर जायचं नाही, मग आभाळ कोसळो. चढ लागला की सगळ्यांना चेव येतो, लोक पॅडलवर उभे राहून पुढं निघून जातात. जाऊ द्यायचं. हलका गिअर टाकायचा, पडद्यावर नजर ठेवायची, आकडा वर गेला की पाय सैल सोडायचा. उतारावर पाय थांबवून पाणी प्यायचं. वारा समोरून आला तर वेग पडेल, पडू द्यायचा, आकडा तोच ठेवायचा. भूक लागायच्या आधी खायचं. असं केलं की शेवटच्या पन्नास किलोमीटरला पायात जोर शिल्लक राहतो, आणि तेव्हा इतरांच्या पायांत फक्त गोळे असतात. हे तो नवशिक्यांना इतक्या वेळा सांगायचा की ते त्याला टाळून दुसरीकडून जायचे. पण दरवर्षी ते खरं ठरायचं. निम्म्याच्या पलीकडं कुठंतरी रॉकेट झाडाखाली पोटऱ्या चोळत बसलेला दिसायचा. काटेवाला न थांबता घंटी वाजवायचा आणि म्हणायचा, "या सावकाश." एवढाच काय तो त्याच्या आयुष्यातला उर्मटपणा.

पन्नाशी उलटल्यावरच्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. नेहमीच्या रविवारच्या रस्त्याला वेळ जास्त लागायला लागला. आकडा तोच, एकशे साठ. रस्ता तोच. मग उशीर का? त्यानं साखळी बदलली. चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस भरलं. टायर बदलले, ब्रेक घासतोय का बघितलं, मीटरमध्ये नवी बॅटरी घातली, मीटर शून्यावर आणून पुन्हा पुन्हा जुळवलं. रविवारची सकाळ सायकलवर आणि संध्याकाळ सायकलखाली, असं सुरू झालं.

त्याच सुमाराला त्यानं वर्षाची चाचणी घेतली. वीस मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं आणि सरासरी आकडा बघायचा. आकडा मागच्या वर्षीपेक्षा वर आला! पन्नाशीनंतर कुणाचा वाढतो? तो घामानं निथळत स्वयंपाकघरात गेला आणि बायकोला पडदा दाखवला.

तिनं कणकेचा हात तसाच धरून पडद्याकडं बघितलं. "छान. मग तुम्हाला यायला उशीर का होतो?"

"वारा असतो."

"दर रविवारी?"

बायकांना यातलं काय कळतं, असं त्याच्या मनात आलं. ते तोंडावर आणायची त्याची छाती नव्हती, पण आलं खरं. तिनंच त्या काळात दोनचारदा टोकलं होतं, की अहो, पाय उचलून चाला, उंबऱ्याला ठेचकाळताय. उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटून मागं राहायची. उजव्या बुटाचं टोक झिजलं होतं. राइडनंतर डावी मांडी ठणकायची आणि उजवी कधी दुखायचीच नाही, म्हणून तो उजव्या पायावर खूश होता. सायकलवर तर काही कळायचंच नाही. बूट पॅडलमध्ये खटकन अडकलेले असतात. डावा पाय चाक फिरवतो, चाकाबरोबर उजवा आपोआप वरखाली होतो, आणि बसलेल्याला वाटतं आपण दोन पायांनी चालवतोय.

मग ती राइड आली.

सकाळी थंड हवेत सगळे निघाले. रॉकेट नेहमीप्रमाणे सुटला. काटेवाला नेहमीप्रमाणे मागं राहिला, एकशे साठ. पहिल्या चढावर लोक पुढं गेले, त्यानं जाऊ दिलं. दुसऱ्या चढावर मागून येणारेही पुढं गेले. मग एक जाडजूड बाई टोपलीवाली सायकल घेऊन पुढं गेली, आणि जाताना याच्याकडं बघून प्रेमानं हसली. त्यानं पडद्याकडं बघितलं. एकशे साठ. तो स्वतःशी म्हणाला, हे सगळे दुपारी भेटतील. झाडं येत गेली, झाडांखाली कुणीच बसलेलं नव्हतं.

निम्म्या अंतरावर संस्थेचं टेबल असतं. तिथं ठरलेल्या वेळेच्या आत पोचलं तरच पुढं जाता येतं. तो पोचला तेव्हा दोघंजण टेबलाचे पाय मिटून गाडीत घालत होते. पाण्याचे रिकामे कॅन उन्हात पडले होते. बारा वर्षांत हे टेबल त्यानं मिटलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यातला एकजण ओळखीचा होता. तो ओशाळून म्हणाला, "काका, वेळ होऊन गेली हो."

"पण आकडा बरोबर होता," काटेवाला म्हणाला. त्यानं पडदा सोडवून त्याच्यापुढं धरला. "हे बघ. सरासरी बघ. एकशे साठ. चढावर एकदाही खाली गेलो नाही."

त्या माणसानं मान हलवली. काटेवाला पडदा पुढं धरून तसाच उभा राहिला. खोट्या काट्यासकट पकडलेली किती माणसं त्याच्यासमोर अशीच उभी राहिली होती, आणि प्रत्येकाचं म्हणणं हेच असायचं, की काटा बरोबर आहे.

रॉकेट झाडाखाली नव्हता. तो टेबलापाशी थांबला होता. पुढं जायला वेळ असूनही थांबला होता, हे काटेवाल्याला उशिरा कळलं. "चल, परत जाऊ," तो म्हणाला, तेही हळू आवाजात. रॉकेटला हळू आवाज असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. परतीच्या रस्त्यावर तो मागं राहिला, आणि बऱ्याच अंतरानंतर बाजूला येऊन म्हणाला, "थांब जरा. रागावू नकोस. तुझा उजवा पाय नुसता फिरतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे पॅडल त्याला फिरवतंय. तो पॅडलला नाही."

काटेवाला रागावला. दुपारी आलेला तो राग त्यानं घरापर्यंत पुरवला. त्यातही काटकसर.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं एक प्लॅटफॉर्म भिंतीला टेकवून उभा अडकवला, जाड पट्ट्यानं खुर्ची पक्की बांधली, बूट काढले आणि खुर्चीत बसून डावा पाय प्लॅटफॉर्मवर रोवला. दाबला. आकडा भराभर चढला. मग उजवा पाय ठेवला. दाबला. त्याला वाटलं होतं की दाबतोय. आकडा थोडा हलला आणि थांबला, एखाद्या लहान पोरानं टेकून उभं राहावं तेवढा.

त्यानं काटा काढून जमिनीवर ठेवला. पेटी उघडली, हातमोजा घातला, प्रमाण वजन मधोमध ठेवलं. बरोबर. पहिला कोपरा. बरोबर. दुसरा, तिसरा, चौथा. काट्यात काडीचाही दोष नव्हता. इतकी वर्षं खोटा काटा सापडला की त्याला आतून बरं वाटायचं. आज हा एक काटा खोटा निघावा म्हणून त्यानं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. मखमलीवर वजन परत ठेवताना हातमोजा ओला झाला, तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय.

सगळं माहीत होतं त्याला. मीटर एकाच पायाचं आहे, हे त्यानंच तर निवडलं होतं. डावा दोघांचं काम ओढत गेला, ओढून ओढून दणकट झाला, आणि मीटर त्या दणकट पायाची दुप्पट करून शाबासकी देत राहिलं. पडद्यावर एकशे साठ दिसायचे तेव्हा चाकाला जेमतेम ऐंशी मिळत होते. जन्मभर कोपरे तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा मेलेला कोपरा दिसला नाही. त्याचा कान धरावा असं वाटतं, पण आता धरून काय उपयोग?

डॉक्टरीणबाई मुलीहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले, टाचांवर चालायला लावलं. उजवा चवडा वर उचललाच जाईना. सुया टोचून नसा तपासल्या, नाना तपासण्या झाल्या, आणि मग एके सकाळी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरतायत. एका पायात सुरू झालंय, पुढं दुसऱ्यात जाईल, मग हातांत, आणि मग. औषधानं थोडं लांबवता येतं, थांबवता येत नाही. आधी आला असतात तरी बरं करता आलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. ते धीर द्यायला म्हणाल्या असाव्यात.

"अंतर किती?" काटेवाल्यानं विचारलं.

"कसलं अंतर?"

"म्हणजे किती आहे अजून? माझ्याकडं."

"सांगता येत नाही. कुणाकडं दोनतीन वर्षं, कुणाकडं त्याहून पुष्कळ जास्त."

"पण अंतर कळल्याशिवाय जोर किती लावायचा हे कसं ठरवायचं?"

डॉक्टरीणबाईंना तो प्रश्न कळला नाही. "दमवून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "शक्ती जपून वापरा."

काटेवाला हसला. बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तरी हसत राहिला. जपून वापरा! दुसरं केलं काय होतं त्यानं? मुलगी अंगणात शर्यत लावायला बोलवायची, तेव्हा रविवारसाठी पाय ठेवले. पोरगी मोठी होऊन लांबच्या गावी नोकरीला गेली, शर्यत राहिलीच. बायकोला गावामागच्या टेकडीवर जायचं होतं, लग्न झाल्यापासून म्हणत होती. पायऱ्या चढल्या की मांड्या भरून येतात, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं हा म्हणत राहिला. सगळं निम्म्यानंतर खर्चायचं म्हणून ठेवलं होतं. निम्मं कधी येऊन गेलं ते कळलंच नाही, आणि ठेवलेलं कुठं गेलं तेही.

घरी आल्यावर कितीतरी दिवस तो खिडकीशी बसून राहिला. दुकान बंद. रॉकेट औषधं घेऊन यायचा, मोठ्यानं बोलायला सुरुवात करायचा आणि मधेच गप्प व्हायचा. मुलगी आली, चार दिवस राहिली, न्हाणीघरात नळ सोडून रडली, गेली. मग एका सकाळी काटेवाला म्हणाला, "चल, टेकडीवर जाऊ."

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. ती साडी बदलून आली.

पायथ्यापर्यंत गाडी गेली. पहिल्या काही पायऱ्या त्यानं कठड्याला धरून चढल्या. मग उजवा चवडा पायरीच्या कडेला अडकला आणि तो गुडघ्यावर आला. हातानं पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला, पुन्हा अडकला. खाली बसला. तीही शेजारी बसली. शाळेची पोरं ओरडत त्यांच्या अंगावरून वर पळाली. तो त्यांच्या पोटऱ्यांकडं बघत राहिला.

"वरून काय काय दिसतं गं?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तू इतक्या वर्षांत एकदाही..."

"तुमच्याबरोबर जायचं म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, या बाईचा जोर आपण कधी मोजलाच नाही. आपल्याला पुष्कळ आहे तर तिलाही तेवढाच असेल, असं धरून चाललो. दोघं उन्हं वर येईपर्यंत तिथंच बसली. मग गाडीवाला वर आला आणि त्यानं काटेवाल्याला काखेत हात घालून उतरवलं.

पुढं सायकल बैठकीत आली. रॉकेटनं मागचं चाक एका स्टँडवर चढवून दिलं. त्यावर जागच्या जागी पॅडल मारता येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दमेपर्यंत नको, पण रोज थोडं पाय हलवा. संध्याकाळी बायको त्याला बसवायची. उजवा पाय हातानं उचलून पॅडलला अडकवायची आणि पडू नये म्हणून त्या बाजूला त्याच्या कमरेला धरून उभी राहायची. मीटर काढून टाकावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पहिल्यापासून जिला त्या पडद्याचं काही पडलेलं नव्हतं, ती आता रोज विचारायची, "आज किती?"

तो वाचून दाखवायचा. शंभर. नव्वद. तेही खरे नव्हतेच, डाव्याची दुप्पट. पण पडद्यावर होतं तेच तो सांगत होता, आणि तेवढं समाधान त्यानं स्वतःजवळ ठेवलं होतं.

मग एका संध्याकाळी डाव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी थरथरायला लागलं. उजव्यात सुरुवातीला असंच थरथरत होतं, असं डॉक्टरीणबाईंना सांगितल्याचं त्याला आठवलं. तो पॅडल मारत राहिला. पडद्यावर आकडा उतरत गेला, आणि चाळीसपाशी येऊन लटपटत राहिला. म्हणजे वीस. एका पायाचे वीस, आणि दुसऱ्याचं काही नाही. इतकं भ्यायल्यासारखं त्याला पायऱ्यांवरही झालं नव्हतं.

"आज किती?" बायकोनं विचारलं.

काटेवाल्यानं जन्मात कुणाला खोटं वजन सांगितलं नव्हतं. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "एकशे साठ."

तिनं चष्मा लावलेला होता. पडदा तिच्यापासून हातभर लांब होता. मग तिनं त्याच्या कमरेवरचा हात घट्ट केला आणि म्हणाली, "बास मग. त्याच्या वर जाऊ नका. पुढं लागेल."